बाबा उतरले की गाडी वर यायची

बाबा उतरले की माझी गाडी दोन बोटं वर यायची. खोटं नाही सांगत. दार उघडून ते आधी एक पाय बाहेर टाकायचे, मग छताला धरून 'हं' म्हणत स्वतःला उचलायचे, आणि त्यांच्यामागे गाडीही अंग मोकळं केल्यासारखी उचलली जायची. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हसायच्या. मीही हसायचे. आता बाबा नाहीत आणि गाडी कायमची वर आहे.

ही गाडी घेतली तेव्हा घरात एकही मत माझ्या बाजूनं नव्हतं. पस्तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, दिवसभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढणारी मी. मी एखादी पांढरी, उंच, सगळं घर मावेल अशी शहाणी गाडी घ्यावी, असं सगळ्यांना वाटत होतं. मी घेतली ती जुनी, निळी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. तीही कंपनीतून निघाली तशी राहिलेली नव्हती. आधीच्या मालकानं स्प्रिंगा बदलून तिला जमिनीलगत बसवली होती, मागे पंख लावला होता, आणि सायलेन्सर असा घातला होता की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरातली भांडी थरथरायची. बरं, ती मला रविवारी नागपूरच्या फुटाळा तलावावर मिरवायलाही नको होती. रोज ऑफिसला न्यायला हवी होती. जन्मभर शहाण्यासारखी वागत आले, एक गोष्ट तरी मनासारखी हवी होती, एवढंच माझं म्हणणं होतं.

आधीचा मालक सदरमधला एक तरुण मुलगा. घरी बाळ आलं होतं आणि बाळाची खुर्ची मागच्या सीटवर बसेना, म्हणून तो विकत होता. गाडी दाखवताना तो सारखा बॉनेटवरून हात फिरवायचा. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, एकट्या बसाल तर कुठंच लागत नाही. पण बाजूले कोणी वजनदार बसलं ना, तर उंच ब्रेकरवर पोट घासते. मग त्याइले उतरवाचं, गाडी पार कराची, अन् पुन्हा बसवाचं. आमी असंच करतो."

मी मान डोलावली. माझ्या बाजूला कोण बसणार आहे, असं मनात आलं.

बसले बाबा. त्याच महिन्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांची स्कूटर बंद केली. त्यांचं नळ, पाईप, तोट्यांचं दुकान सदरलाच, माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. आई म्हणाली, पोरगी रोज त्याच रस्त्यानं जाते की. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कोणाची वापरलेली चप्पल आपण पायात घालत नाही, अन् तू गाडी घेऊन आली वं! तेबी अशी भैताड. याच्यात बसाचं का झोपाचं?"

तरी पूजा त्यांनीच केली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग लिंबू-मिरचीची माळ पुढे बांधायला गेले, तर लिंबू सरळ रस्त्याला टेकलं. बाबा इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. "अरे बाप्पा! हिले नजर लागाले जागाच नाही!" शेवटी माळ आतल्या आरशाला बांधली, आणि पुढे दर शनिवारी तेच ती बदलत राहिले.

आणि मग आला ब्रेकर. नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो सिमेंटचा ब्रेकर आहे, तो म्हशीच्या पाठीएवढा आहे, आणि तो बाबांनीच बांधून घेतलेला आहे. मी लहान असताना गल्लीतून ट्रॅक्टर, टेम्पो भरधाव जायचे. बाबांनी घरोघरी वर्गणी जमवली आणि गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून, अजून एक थर, अजून एक थर असं करत तो उंच करवून घेतला. कारण रस्त्यावर खेळणाऱ्यांत मी होते. आता त्याच ब्रेकरवर माझी गाडी त्यांच्या वजनानं 'खर्र' घासली. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हापासून आमचा रोजचा नेम झाला. ब्रेकरपाशी मी थांबायचे. बाबा उतरायचे. पलीकडे जाऊन, माझ्याकडे तोंड करून, ट्रकच्या क्लीनरसारखे दोन्ही हात हलवायचे. "येऊ दे, येऊ दे... डावीकडं घे... बस्स!" गाडी अलगद पार व्हायची. ते पुन्हा बसायचे, गाडी पुन्हा खाली जायची. सकाळी जाताना एकदा, संध्याकाळी येताना एकदा. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला म्हणायचा, "काकाजी, तुमी पायीच जात जा ना!" बाबा म्हणायचे, "अबे, मी उतरलो म्हणून तर ते जाऊन राहिली!"

माझ्या गाडीची चेष्टा करता करता ते तिच्या प्रेमात पडले, हे मला उशिरा कळलं. दुकानात गिऱ्हाइकाला ते सांगायचे की, आमची पोरगी स्पोर्ट्स गाडी चालवते, मी बाजूला बसतो. एकदा पोलिसानं सायलेन्सरच्या आवाजासाठी अडवलं, तर बाबा काच खाली करून गंभीरपणे म्हणाले, "साहेब, आवाज गाडीचा नाही, माह्या पोटाचा आहे. सकाळपासून उपाशी आहो." तो पोलीस हसला आणि 'सायलेन्सर बदला' म्हणून त्यानं सोडून दिलं. मी बदलला नाही. आई सांगायची, गाडी चौकात आली की आवाजानं कळतं, तेव्हाच मी तवा ठेवते.

दिवाळीत मी ओळखीच्या मेकॅनिककडून स्प्रिंगांत रबराचे तुकडे घालून घेतले. गाडी थोडी उचलली जाईल, म्हणजे बाबांना उतरावं लागणार नाही. गुडघा धरून उतरताना त्यांचं तोंड कसं व्हायचं, ते मला आता पाहवत नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, रबर बसायला जरा वेळ लागेल. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही. घासायची ती घासायचीच.

संक्रांतीच्या सकाळी बाबा फोनवर कोणा गिऱ्हाइकाशी वाद घालत होते. उतरायचं विसरले, आणि मीही त्यांच्या बोलण्यात गुंतून थांबायचं विसरले. गाडी ब्रेकरवर चढली आणि उतरली. आवाज आलाच नाही. बाबांनी फोन तसाच बंद केला.

"मागं घे," ते म्हणाले. "पुन्हा ने."

मी मागे घेतली, पुन्हा नेली. कुठंच लागली नाही.

"बसलं वं, बसलं तुहं रबर!" त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. त्या दिवशी आम्ही दुकान आणि ऑफिस दोन्हीकडे उशिरा पोचलो, कारण त्यांनी गाडी तर्री पोह्याच्या ठेल्याकडे वळवायला लावली. तर्री अंगावर सांडत खात होते. त्यांना इतकं खूश मी फार दिवसांनी पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी मेकॅनिकला मिठाईचा डबा नेऊन दिला. मला वाटलं, चला, एक काम तरी आपल्या हातून बाबांसाठी नीट झालं.

त्यानंतर बाबा कधी उतरले नाहीत. राजासारखे बसून ब्रेकर पार करायचे आणि पानठेलेवाल्याला हात दाखवायचे. त्यांची पँट कमरेत सैल झाली होती, ती आईनं आत घेतली. सकाळी ते गुडघ्यासाठी बागेत फिरायला जात, त्यामुळे जो तो म्हणायचा, काकाजी, पोट उतरलं, छान दिसता. बाबा लाजायचे. मे महिन्यात जेवण तुटलं, पण नागपुरात मे महिन्यात कोण पोटभर जेवतं? आंब्याचं पन्हं, ताक, दहीभात. आम्ही सगळे त्यावरच होतो. मग डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं.

तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि विचारलं, "यांचं वजन कधीपासून उतरतंय?"

आई म्हणाली, "उन्हाळ्यात थोडं कमी होतेच ना." बाबा म्हणाले, "मी फिरतो ना सकाळी."

आणि मला उत्तर माहीत होतं. त्या खोलीत ते फक्त मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "संक्रांतीपासून. किंवा त्याच्याही थोडं आधी."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. आई माझ्याकडे बघत राहिली. बाबांनी मात्र बघितलं नाही. स्वादुपिंड, गाठ, उशीर, असं पुढचं सगळं बोलणं झालं. बाहेर आल्यावर, गाडीत बसून पट्टा लावताना ते सावकाश म्हणाले, "म्हणजे ते रबर नव्हतं वं."

"नाही बाबा."

"अन् मी त्या मिस्तरीले मिठाई देऊन आलो." ते थोडं हसले. मला हसता आलं नाही. मला त्या गाडीचा संताप आला होता. रोज सकाळी, रोज संध्याकाळी ती सांगत होती, आणि आम्ही पोहे खात होतो.

त्या दिवशी घरी येताना मी ब्रेकरपाशी वेग कमी केला. बाबा म्हणाले, "थांबव."

"कशाला? लागत नाही आता."

"मले माहीत आहे लागत नाही. थांबव तू."

ते उतरले. दाराला धरून, खूप वेळ घेऊन. गाडी जराशीही वर आली नाही. ते चालत पलीकडे गेले, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात हलवायला लागले. "येऊ दे, येऊ दे... डावीकडं घे..." सदऱ्याच्या बाह्या त्यांच्या मनगटांवरून लोंबत होत्या. पानठेलेवाल्यानं मान खाली घालून पानांना पाणी मारायला घेतलं. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, त्यांच्या हातांच्या अंदाजानं मी गाडी पार केली. "बस्स!" ते म्हणाले, आणि येऊन बसले.

पुढचे सगळे दिवस त्यांनी हा नेम पाळला. दवाखान्यात जाताना उतरायचे, येताना उतरायचे. आई रागवायची, काहून जिवाला त्रास करून घेता. ते म्हणायचे, "माहं वजन आहे, मले माहीत." मी कधीच अडवलं नाही. त्यांना जड व्हायचं होतं, दिवसातून दोनदा तरी.

मारबतीच्या दिवशी ते दवाखान्यातच होते. पोळ्याचा दुसरा दिवस, बाहेर रस्त्यावर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, ढोल आणि आरडाओरडा चालला होता. इडापीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणून सगळं गाव ओरडत होतं. बाबांनी मला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता. "खिडकीतून ओरड ना वं. माह्याच्यानं ओरडणं होत नाही." मी खिडकी उघडली आणि ओरडले. परिचारिका आत धावत आली, तरी ओरडले. मारबत त्यांचं दुखणं घेऊन गेली नाही. त्याच आठवड्यात बाबा गेले.

गाडी विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. मी विकली नाही. रोज एकटीच सदरला जाते. ब्रेकरवर गाडी कुठंच लागत नाही, गाडी विकताना त्या मुलानं सांगितलं होतं तसंच. आईला आवाज ऐकू येतो आणि ती तवा ठेवते. पण मला त्या ब्रेकरवरची शांतता सहन होत नाही. तिथून जाताना मी काहीतरी मोठ्यानं बोलते किंवा हॉर्न वाजवते.

भाऊबीजेला आत्या आली. बाबांची एकुलती बहीण, पारशिवनीकडच्या गावात राहते. दरवर्षी याच दिवशी ती बाबांना ओवाळायला यायची. यंदा आमच्याकडे सण नव्हता, तरी आली. मी तिला बसस्टँडवर घ्यायला गेले. बाबांचीच अंगलट, तसंच छताला धरून 'हं' म्हणत बसणं. ती बाजूला बसली तेव्हा गाडी खाली गेली. मला ते जाणवलं, पण मी तिची पिशवी मागे ठेवत होते आणि ती बोलत होती.

"घरी राहून काय केलं असतं वं? म्हटलं, वहिनीपाशी जाऊन बसतो. चंद्राले ओवाळीन यंदा, दुसरं काय."

गल्लीच्या तोंडाशी आलो. रोज एकटी जाते तशीच मी न थांबता गाडी घातली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि खालून आवाज आला. खर्र.

मी तिथंच गाडी बंद केली. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडले. दवाखान्यात आणि घाटावरही रडले नव्हते, तशी रडले. आत्या घाबरली. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "काय झालं वं? मोडलं का काही? मी उतरू का? उतरतो मी, थांब."

तिनं दाराला हात घातला. मी तिचा हात धरला.

"नको आत्या. बसून राहा."

मग मी गाडी चालू केली, मागे घेतली, आणि तिला बाजूला बसवून त्याच ब्रेकरवरून पुन्हा नेली.