वर्गप्रतिनिधीचं फूल

कोरियातल्या जेचन गावच्या शाळेत चौथीचे वर्ग सांभाळता सांभाळता बांग सुक-जा बाईंचे केस पिकले आणि घसा कायमचा बसला. कमरेला छोटा माइक अडकवल्याशिवाय त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. गुरूच्या सावलीवरही पाय देऊ नये, असं त्या गावात अजून म्हणतात. म्हणायला काय जातं!

एप्रिलमध्ये वर्गप्रतिनिधी दो-युलनं शेजारच्या हा-रिनच्या डोळ्यावर कर्कटकाचं टोक रोखलं. बाईंनी झडप घालून त्याचं मनगट धरलं आणि कर्कटक काढून घेतलं. पोरीचा डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी दो-युलची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर.

"माझ्या मुलाला हात लावलात. रात्री दचकून उठतोय तो. वर्गासमोर माफी मागा, नाहीतर मी पोलिसात जाते."

"अहो, डोळा गेला असता हो पोरीचा," बाई म्हणाल्या.

"गेला का?"

ती गेल्यावर मुख्याध्यापकांनी बार्लीचा चहा पुढे केला. "तुमचं चुकलं असं कोण म्हणतंय, बाई? पण तक्रार झाली की चौकशी संपेपर्यंत तुम्ही घरी. निवृत्तीला आलात, आता कशाला डाग लावून घेता? दोन शब्द बोला नि मोकळ्या व्हा."

त्यांना शाळेचं नाव राखायचं होतं. बाईंचं गेलं तरी चालणार होतं.

बाईंनी माफी मागितली. माइक लावूनच मागितली, त्यामुळे मागच्या बाकालाही नीट ऐकू गेली. त्या दिवसापासून वर्गात त्यांना कुणी जुमानेना.

मे महिन्यात तिथला शिक्षक दिन आला. फाटकावर 'गुरुजनांचे आम्ही ऋणी आहोत' असा फलक लागला. सकाळीच हा-रिन त्या दिवशी गुरूच्या छातीवर लावायचं लाल कार्नेशनचं फूल घेऊन आली. बाईंचा हात पुढे झाला आणि तिथंच थांबला. एकट्या मुलानं शिक्षकाला फूल दिलं तर नियमानं ती भेट ठरते, घेणारा गुन्हेगार. सगळ्यांदेखत वर्गप्रतिनिधीनं दिलं तरच चालतं.

"घरी ने गं बाळ, आईला दे," बाई म्हणाल्या. पोरगी फूल पाठीमागे लपवून जागेवर जाऊन बसली. बाईंना स्वतःचीच चीड आली.

मग दो-युल उठला. त्याची आई दारात फोन सरसावून उभी होती. त्यानं बाईंच्या झग्यावर फूल टाचायला घेतलं.

"बाई, जरा हसा की," आई म्हणाली.

बाई हसल्या. टाचणी कातडीत रुतत होती, पण त्याचा हात धरायची त्यांची हिंमत झाली नाही.