काटा खरा होता

सांगायला बसलोय खरा, पण आधीच सांगतो... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मेकॅनिक माणूस मी. बिघाड आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण सापडत नसेल तर मेकॅनिक कच्चा आहे — एवढं माझं सरळ गणित. त्यात स्वभाव तापट आणि आपल्या हाताचा गर्व भारी. त्या गर्वाबद्दलच लिहायचं आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. देऊळगाव राजात, जालन्याच्या रस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, वर चार टिनपत्रे आणि खाली एक खड्डा. कामं यायची ती जीपची, ट्रकची, नाहीतर विहिरीवरच्या इंजिनांची. अशात जवळच्याच गावचे मोठे शेतकरी वसंतराव यांनी मुंबईहून एक विलायती गाडी आणली. दोनच सीट, जमिनीला टेकलेली, आणि पळायला वाऱ्यासारखी. तिच्यात पाण्याचं मीटर वेगळं आणि इंजिन ऑईल किती तापलं ते दाखवणारं मीटर वेगळं. असलं मीटर मी तोवर पाहिलंच नव्हतं.

पहिल्यांदा आली तेव्हा मी तिचं ऑईल बदललं. विहिरीवरच्या इंजिनात घालायचो तेच जाड ऑईल घातलं. आमच्याकडे समजच तसा होता... ऑईल जितकं जाड, तितकं इंजिन सुखी. आठ दिवसांनी वसंतराव परत आले. पाण्याचा काटा जागेवर आहे, म्हणाले, पण गाडी जोरात काढली की ऑईलचा काटा चढत चढत दोनशे ऐंशी फॅरनहाइटला जातो. मी सगळं पाहिलं — रेडिएटर, फॅनबेल्ट, टायमिंग, ऑईलची पातळी. कुठे काही नाही. त्यांनी बिचकतच विचारलं की ऑईल बदलून पाहायचं का? मला रागच आला. मुंबईची गाडी आणली म्हणून हा मला ऑईल शिकवणार?

मी त्यांना सिंदखेडच्या रस्त्याने एक जोरदार चक्कर मारून यायला लावलं. आले तेव्हा काटा दोनशे ऐंशीवर होता. मी लगेच गाडीखाली शिरलो. माझे उस्ताद करीमचाचा मीटर मानायचे नाहीत. इंजिनाच्या पोटाखाली ऑईलचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. चाचा त्याला तळवा लावून आकडे मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर ऑईल ठीक. मीही तसाच तळवा लावला. वीसपर्यंत मोजलं. चेंबर नुसतं कोमट होतं, अंघोळीच्या पाण्यासारखं.

बाहेर आलो तर वसंतराव उकिडवे बसलेले.

"मिस्तरी, जालन्याले चाललो, बायकोले अन् लेकीले आणाले. सव्वा महिन्याची झाली पोरगी, अजून मांडीवर घेतली नाही मी. म्हणून इचारतो... काटा खोटा हाय ना?"

"काटा खोटा, हात खरा," मी म्हणालो. "बिनघोर जा."

ते गेले.

संध्याकाळी घरी हात धुवायला बसलो. बायको पाणी ओतत होती, ती मध्येच थांबली.

"आहो, कातडं सुटून राह्यलं तुमच्या हाताचं. दुखत नाही काय?"

पाहिलं तर तळव्याचं आणि पाचही बोटांचं कातडं फोड येऊन सुटलं होतं. आणि दुखत नव्हतं. जरासुद्धा नाही. मी तसाच ओल्या हाताने बसून राहिलो. म्हणजे चेंबर खरोखर तेवढं तापलेलं होतं. जालन्याकडून आलेल्या एका ट्रकवाल्याने तासाभराने बातमी आणली. जालन्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं, मागची चाकं आवळली आणि गाडी पुलावरून खाली गेली. वसंतराव जागीच गेले.

डॉक्टरांनी माझ्या हाताला सुई टोचून पाहिली. प्रत्येक टोचणी मला कळली. मग एवढं भाजेपर्यंत कळलं कसं नाही, दारू प्यायला होतास का, असं ते मलाच विचारू लागले. मी दारूला आजवर शिवलेलो नाही.

मोडकी गाडी बैलांनी ओढून वसंतरावांच्या गुरांच्या वाडग्यात आणून टाकली, तेव्हा मी गुपचूप ते ऑईलचं मीटर काढून आणलं. चुलीवर पाणी उकळलं आणि मीटरच्या नळीचं टोक त्यात बुडवलं. काटा सरळ दोनशे बारावर गेला. फॅरनहाइटमध्ये उकळत्या पाण्याचा तोच आकडा. मीटर बरोबर होतं. गावात सगळे म्हणत होते, वसंतरावांनीच गाडी बेफाम पळवली. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. लाज वाटते लिहिताना, पण गप्प बसलो.

वर्षभराने त्यांच्या बायकोचा निरोप आला. भंगारवाला येणार आहे, त्याआधी एकदा गाडी पाहून जा. थंडीतली सकाळ होती. त्या उभ्या होत्या, पदराला धरून मुलगी. मी गाडीखाली वाकलो आणि सवयीने चेंबरला तळवा लावला.

वर्षभर बंद पडलेलं इंजिन, लोखंडावर दव साचलेलं. पण एक म्हणायलाही अवधी मिळाला नाही. असा चटका बसला की मी ओरडून मागे पडलो. हात पाहिला तर काही नाही, साधी लालीसुद्धा नाही. आग मात्र कोपरापर्यंत चढलेली.

त्या घाबरून जवळ आल्या. मी नीट बसल्यावर हळूच म्हणाल्या, "एक इचारू मिस्तरी? सारे म्हणतात, ह्यायनंच गाडी बेफाम पळवली. खरं हाय काय?"

हात पोटाशी धरून मी सांगितलं, "नाही वहिनी. गाडीनं सांगितलं व्हतं, अन् त्यायनं मले इचारलंबी व्हतं. काटा खरा व्हता. मीच खोटा म्हणलं."

त्यांनी मुलीला कडेवर घेतलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

हाताची आग आठ दिवस राहिली. डॉक्टरांना त्यात काहीच दिसलं नाही. पुढे मी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, जोरात पळणाऱ्या इंजिनात जाड ऑईल घासून घासूनच तापतं तेही शिकलो, पण माझ्या हाताचं काय झालं ते मला आजतागायत उमगलेलं नाही. कुणी शिकलेला माणूस हे वाचत असेल तर त्याने जरूर कारण शोधावं. मला एवढंच कळतं की तो चटका मला वर्षभर उशिरा बसला. वेळेवर बसला असता, तर त्या पोरीला बापाची मांडी मिळाली असती.