कापसाच्या बंड्यांमधून माणसांची वाट

नामदेवराव वानखडे सरांना मी प्रथम पाहिले ते हिंगणघाटच्या बाजाररस्त्यावर, बैलबंडीच्या चाकावर चढून ओरडताना. आंजीहून आईला घेऊन मी नुकतीच आले होते, त्याच रस्त्यावर खोली घेतली होती. मी शिकवायला रुजू होणार होते त्याच शाळेतले हे इतिहासाचे शिक्षक, हे मला नंतर कळले.

सरांना एका जागी बसलेले कोणी पाहिले असेल, तर त्याने सरांच्या या गौरवग्रंथात अवश्य लिहावे. पाहुणे आले की चहा राहतो बाजूला, आधी रस्ता. इथे कापसातली सरकी काढणारी पहिली जिनिंग, इथे अडत्यांची बैठक, असे सांगत सर पुढे आणि पाहुणे धापा टाकत मागे.

कापसाच्या हंगामात मात्र हा रस्ता बंड्यांनी गच्च भरे. गिरडला निघालेल्या भाविकांना स्टेशनवरून एसटी स्टँड गाठता येईना. एका वर्षी व्यापाऱ्यांनी मागणी केली की हंगामभर पायी माणसांना रस्ता बंदच करावा. माझी आई काठी टेकत चालणारी. तिने काय चार महिने कोंडून घ्यायचे? माझी झोप उडाली. सरांची आधीच उडालेली होती. बंड्यांमधून माणसांना वाट काढून दाखवतो म्हणून त्यांनी नगराध्यक्षांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

रस्त्याच्या एका कडेला मारुतीचे देऊळ, दुसऱ्या कडेला विहीर. पहिल्याच दिवशी फजिती झाली. "मारुतीच्या बाजूनं चाला, बाकी जागा माणसाले सोडा," असे सरांनी बंडीवाल्यांना बजावले. मास्तरांचा शब्द! भरल्या बंड्या मारुतीच्या बाजूने गेल्या आणि रिकाम्या परतल्या त्याही मारुतीच्याच बाजूने. जू जुवाला भिडले. व्यापारी पोट धरून हसले.

"तुमीच तं सांगतलं मास्तर!" एक बंडीवाला कळवळला.

"माह्यंच चुकलं बापा. रिकाम्या बंड्या उद्या विहिरीच्या बाजूनं घ्या."

दुसऱ्या दिवशी सर पहाटेपासून येरझारा घालत होते. आई गिरडच्या एसटीसाठी निघाली. दोन्हीकडे बंडीवाल्यांनी कासरे आखडून धरले आणि मधून ती काठी टेकत सावकाश गेली. नगराध्यक्ष ओट्यावरून पाहत होते. रस्ता बंद झाला नाही.

आता व्यापाऱ्यांचा अर्ज पुन्हा गेल्याची कुणकुण आहे. म्हणून साठीनिमित्त सरांना विसाव्याच्या शुभेच्छा माझ्याने देववत नाहीत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आईचाही निरोप आहे: "मास्तरले म्हणा, लय वर्स चालत राहा. तुमी घरी बसले तं मले बी बसा लागन."