टाचण्यांचा डबा

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे टाचण्या म्हणत, कारण त्याच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. बायको होती तेव्हा म्हणायची, "आमचा संसार टिकलाय तो त्या टाचण्यांमुळे. उलट उत्तर देताच येत नाही त्याला."

त्याने दुसरं शिलाई मशीन विकून घरी कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, तेव्हा गल्लीला चघळायला विषय मिळाला. मीही सोडतो की काय. विचारलं, "आता विजारी टीव्हीवर शिवणार का रे?"

त्याने टाचण्या काढल्या. "पोरीसाठी आहे, काका."

पोर अंथरुणाला खिळलेली. आजाराने वाचा नेली, बोटं नेली. उजवं मनगट तेवढं हलायचं.

त्या काळी घरचा कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीला जोडायचा कीबोर्ड. बंद केला की सगळं विसरायचा. राखायचं असेल ते साध्या कॅसेटवर उतरवायचं. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने माल मांडला, खेळांच्या कॅसेटी, प्रिंटर, जॉयस्टिक. कॉम्प्युटरसोबत शिंप्याची ऐपत आणखी एकाच वस्तूची.

"प्रिंटर घ्या, मास्तर. लिहिलेलं कागदावर राहतं."

"लिहिणार कशाने? बोटं कुठायत तिला?"

दुकानदार ओशाळला. त्याने जॉयस्टिक दिली आणि पडद्यावर अक्षरांची चौकट दाखवणारा प्रोग्राम शोधून दिला. दांडा ढकलत हव्या त्या अक्षरापाशी थांबलं की ते उमटायचं. शिंप्याने दांड्याला मनगट टेकेल अशी गादी शिवली. निवड चोख होती. नावं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण इथे जागाच नव्हती.

पोरीचं पहिलं वाक्य आलं, "चहात साखर फार घालतोस. कधीपासून सांगायचं होतं."

टाचण्या हे गल्लीभर सांगत सुटला, तोंड मोकळं ठेवून.

पुढे ती काहीतरी मोठं लिहू लागली. बाप डोकावला की दांडा ढकलत लिहायची, "संपल्यावर वाच." तो पाठ फिरवून बसायचा. तिने खूण केली की लिहिलेलं कॅसेटवर उतरवायचा आणि भरलेली कॅसेट आपल्या टाचण्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. शिंप्याच्या घरात त्याहून जपलेली जागा नाही. त्या डब्याला कुणी हात लावत नसे.

संपायच्या आत पोरच गेली.

काही दिवसांनी त्याने दुकानदाराला बोलावलं, सोबतीला मला. एकेक कॅसेट लावली. एरवी लिखाण भरलेल्या कॅसेटी लावल्या की कर्कश किंचाळायच्या. आता नुसती खरखर. पडदा कोरा. एखादी राहिली असेल म्हणून दुकानदाराने डब्यात हात घातला आणि तसाच थांबला. तळाशी शिंप्याचं मोठं लोहचुंबक होतं, टाचण्यांनी लगडलेलं. लोहचुंबकाशेजारी कॅसेट पुसली जाते, हे दुकानदार जाणून होता. शिंप्याला कोण सांगणार?

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माल खराब निघाला, मास्तर. माझ्याच दुकानाचा."

"चालता हो," टाचण्या म्हणाला.

पुढे गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घेता घेता तो सांगायचा, "त्याच्याकडे पाऊल टाकू नका." दुकान हळूहळू बसलं. दुकानदार अवाक्षर बोलला नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी शिंपी होता तोवर ही गोष्ट मी गिळून ठेवली.

तो मात्र रोज संध्याकाळी जमिनीवरून लोहचुंबक फिरवून टाचण्या गोळा करायचा आणि ते डब्यात ठेवायचा, पोरीच्या कॅसेटींवर.

"राहू देत इथेच," म्हणायचा. "एखादीत असेल काही."