कुलपातलं शास्त्र आणि छावणीतला भोंगा

जगात कुठंही मेंदूविषयी काही नवीन सापडलं, की ते आमच्या साडूंच्या पोटात एक रात्रसुद्धा टिकत नसे. सकाळी दूध संघाच्या भोंग्यावरून ते पार वडवणीपर्यंतच्या म्हशींनाही कळलेलं असे. साडू संघाचे सचिव. दुष्काळात गावची जनावरं चारा छावणीत गेली, पाठोपाठ दूध संकलनही तिथंच हललं, आणि साडूंना हवी तशी माणसं मिळाली: हातात किटली घेऊन रांगेत अडकलेली! "पेंड दुपारी वाटू," म्हणता म्हणताच ते सांगत, "आन ऐका, झोपंत मेंदू धुवून निघतो म्हणं. पर हे उंदरांत दिसलंय, माणसाचं अजून पक्कं न्हाई." रांगेतल्या कौसामावशी कडाडल्या, "हितं घागर विसळाया पाणी न्हाई, आन उंदरांचे मेंदू रोज धुत्यात व्हय!" तेव्हापासून छावणीत टँकर येणार अशी आवई उठली, की लोक आधी विचारत, "माणसाचं हाय का उंदराचं?"

हे सगळं ते मोबाईलवर, लेकीकडून इंग्रजी उलगडून घेत वाचायचे. मध्येच पडद्यावर 'पुढं वाचायला पैसे भरा' असं आलं, की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. "पुढचं कुलपात हाय!" भोंगा गरजे. "लोकांच्या पैशानं शोध लावायचा, आन लोकांपास्नंच लपवायचा? दूध कोंडून ठिवलं तर नासतंय की!" असलं कुलूप सहकाराच्या तत्त्वात बसत नाही, हे त्यांचं प्रामाणिक मत. जे शास्त्रज्ञ आपला शोध सगळ्यांना फुकट वाचू देत, त्यांना ते मनोमन संघाचे सभासद करून टाकत.

दूध तपासायला संघाकडे यंत्र होतं. पण साडू प्रत्येक किटली आधी हुंगत, आणि त्यांच्या नाकाचा निकाल अख्खं गाव मानी. एका सकाळी त्यांनी एक किटली हुंगून "घ्या" म्हटलं, आणि मागच्या कौसामावशींनी नाकाला पदर लावला. दूध आंबलं होतं.

"सर्दी झालीय," साडू म्हणाले.

मावशी हळूच म्हणाल्या, "सर्दी न्हाई, सचिव. वास जाणं ही कवाकवा कंपवाताची आधीची खूण असती, हे भोंग्यावर तुमीच सांगितलं हुतं. आन हात बी थरथरतोय तुमचा."

साडूंनी मला गोठ्याआड ओढलं. "साडूभाऊ, हे बाहेर फुटू देऊ नका. ज्याला दुधाचा वास येत न्हाई, त्याला संघ कशाला ठेवील?"

मी चिडलोच. "वा रे वा! दुसऱ्यांच्या कुलपाला शिव्या, आणि स्वतः मात्र का लपवता?"

मग मीच त्यांना बीडला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासून कंपवातच सांगितला. येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मला माझ्या बोलण्याचं फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा खरखरला. "ऐका. आजची खबर माणसाची हाय. मला कंपवात झालाय. कुणाला वास येत नसंल तर लगेच घाबरू नका, पर लपवू बी नका, दाखवून घ्या. आन आजपास्नं दूध कौसामावशी हुंगतील." रांगेत कुणी हसलं नाही. मावशी डोळे पुसत पुढं आल्या. संघानं साडूंना काढलं नाही. काढायचा विषयही कुणी काढला नाही.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली, दूध संकलन पुन्हा गावात आलं. साडू अजून रोज सकाळी काहीतरी नवं सांगतात. या आजारानं आवाज मात्र इतका बारीक झालाय, की भोंग्यातूनही नीट ऐकू येत नाही. पूर्वी त्यांचं सुरू झालं की आम्ही किटली टाकून पळायला बघायचो. आता सगळी रांग मोडून त्यांच्या खुर्चीभोवती गोळा होते.