डिंकाच्या लाडवांवरचा आरोप

आईचं आतडं चिकटून अडकलंय, असं द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि आईने लगेच गुन्हेगार जाहीर केला.

"आक्कांचे लाडू! पिशवी काढली तव्हा डबाभर डिंक चारला मला. चिकटंल नाय तर काय!"

आक्का म्हणजे माझी आत्या. चार वर्षांपूर्वी आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर आमच्या मळ्यात राहून तिनेच आईचं सगळं केलं होतं. आता आईच्या नाकात नळी होती, हाताला सलाईन होतं, पाण्याचा थेंबही बंद होता. आवाज तेवढा शाबूत. दाराशी बसलेल्या आत्याने ऐकलं, पिशवी उचलली आणि वडिलांना पेठच्या एसटीची वेळ विचारली.

मला ते सहन होईना. पाचवी ते दहावी मी पेठला या आत्याकडेच राहिले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही जीवशास्त्राची, आणि तिचा पाया आत्याच्या भाकरीवर.

"आत्या, थांब जरा," म्हणून मी डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी उभ्या उभ्या समजावलं, बाकीचं कॉलेजातलं आठवलं. तेच मी खाटेपाशी सांगितलं. पोटात आतड्यांवर पातळ, ओलसर अस्तर असतं, म्हणून ती एकमेकांवरून सरकतात. ऑपरेशनमध्ये कितीही जपलं तरी ते कुठे खरचटतं, कुठे कोरडं पडतं. तिथे रक्तातलं चिकट धाग्यांचं जाळं धरतं, खपलीसारखं. बहुतेकदा शरीर ते काही दिवसांत विरघळवतं. पण दुखावलेल्या जागी कधी ती ताकद कमी पडते. मग जाळ्यात पेशी शिरतात, पक्के तंतू विणतात, आणि त्याचा पट्टा होतो. त्यात आतडं कधी वर्षांनीही अडकतं.

"मंग डिंक?" आईने विचारलं.

"तो तेव्हाच पचला."

आईला काही पटलं नाही. वडिलांनी मात्र मान हलवली. आयुष्यभर त्यांनी द्राक्षांची कलमं बांधलीत.

"अगं, सालीला साल घासत दोन काड्या जलमभर ऱ्हातील, चिकटनार नाय. दोन्हींना चाकू लागला की धरत्यात. डिंक लावून कोनी कलम केलंय का?"

माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाचं काम त्यांनी तीन वाक्यांत केलं. आत्याने पिशवी खाली ठेवली.

पण खरी काळजी पुढेच होती. उद्या संध्याकाळपर्यंत वायू सरला नाही, तर पुन्हा ऑपरेशन. आणि पुन्हा ऑपरेशन म्हणजे आत पुन्हा खरचटणं. डॉक्टरबाईंनी थोडं चालवायला सांगितलं. आत्याने सलाईनची बाटली उंच धरली आणि ती आईला व्हरांड्यात फिरवू लागली.

"चल गं, गप्पा मारायला जोर हाय, पायात नाय?"

"तुमीच हळू चाला आक्का, बाटली पळवून नेताय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्याच्या मधोमध आई थांबली. मग स्पष्ट आवाज आला. आई लाजून लाल झाली. आत्याने बाटली न सोडता हाक मारली, "सिस्टर, सुटला! सुटला!" वॉर्डातल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. वडील भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत हसत होते.

तिसऱ्या दिवशी आईला पेजेचं पाणी मिळालं. दोन घोट घेऊन तिने आत्याकडे पाहिलं.

"आक्का, डॉक्टरीन हो म्हनली की लाडू करा."

"डिंकाचे?"

"मंग कशाचे! पन बारके वळा."