आत्याला आणायला रत्नागिरीला

कोल्हापूरहून एसटी सुटली तेव्हा आत्याला कसं पटवायचं, याचीच जुळवाजुळव मी करत होते. सुलभाआत्या शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डायलिसिस सुरू होतं. बाबा गेल्यापासून मी चर्चची पायरी चढले नव्हते. ती मात्र अजून रोज गुडघे टेकत होती, याचा मला राग यायचा.

आंबा घाट उतरल्यावर हवा चिकट झाली. रत्नागिरीला पोचले तेव्हा आत्याने बांगड्याचं तिखलं (कोकम घातलेलं दाट कालवण) आणि तांदळाची भाकरी केली होती. स्वतः दोन घास खाल्ले, पाणीही बेताचंच प्यायली.

"आत्या, चल माझ्याबरोबर कोल्हापूरला."

"आधी पूर्णगडला चल. दत्ताराम दोनदा आला नाही."

दत्ताराम खारवी, म्हणजे मासेमारी करणारा. डायलिसिसला त्याची खाट आत्याच्या शेजारी असायची. मी चिडले, पण रिक्षा ठरवली.

भाट्याचा पूल, मग पावस. त्यापुढे सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) रिक्षा पंक्चर झाली. सावली नाही, फोनला रेंज नाही. मी येरझाऱ्या घालत राहिले. आत्या दगडावर डोळे मिटून बसली होती.

"काय मागितलंस?"

"काही नाही. वैतागलेय, तेवढं सांगितलं."

चाक बदलून पूर्णगडला पोचलो, तर दत्ताराम पडवीत पडून होता. पाय सुजलेले, धाप लागलेली. त्याची बायको दारातून म्हणाली, "बाई, तुमीच सांगा. माजा ऐकत नाय."

"नाय येनार मी," तो म्हणाला. "कटाळलो. बाई, तुमचा येशू बरा करतो ना? मग तुमी का येता त्या मशीनवर?"

मीही आत्याकडे बघितलं. हाच प्रश्न मी कोल्हापूरहून घेऊन आले होते.

आत्या त्याच्या उशाशी टेकली. मग म्हणाली, "मला बरं नाही केलं त्याने. रोज विचारते, कधी भांडतेसुद्धा. पण सुया टोचताना तो माझ्याजवळ असतो, एवढं मला कळतं. त्या बळावर तग धरते. तरी तुझी खाट रिकामी दिसली की मी घाबरते रे दत्ताराम. माझ्यासाठी चल."

तो भिंतीचा आधार घेत उठून बसला. मग बायकोला म्हणाला, "सदरा दे गो."

रिक्षात तो आमच्या दोघींच्या मध्ये बसला, धापा टाकत. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता. आत्या त्याचा हात धरून पुटपुटत होती. इस्पितळात त्याला लगेच मशीनवर घेतलं. डॉक्टर रागावले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता, म्हणाले. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि आत्याला विचारलं, "तुमी जेवलाव?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच परतीच्या एसटीत बसले. आत्या येणार नव्हती, आणि मी पुन्हा विचारलंही नव्हतं.

मन शांत वगैरे झालं नव्हतं. ती किती दिवस काढील, ही धास्ती तशीच होती. पण आत्याची श्रद्धा म्हणजे बरं होण्याची खात्री, असं मी समजत होते, ते चूक होतं. खात्री तिलाही नव्हती. ती तरीही डायलिसिसला जात होती, आणि जाताना दुसऱ्याला ओढून नेत होती.

घाट चढताना मी डोळे मिटले. आत्याचं नाव घेतलं, दत्तारामचं घेतलं. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. तेवढंच म्हणून मी थांबले.